बाजेखालची शेगडी

गेल्या जानेवारीतली गोष्ट. नांदेडला आमच्या गल्लीतल्या एका काकूंची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दवाखान्यातून घरी येऊन चार दिवस झाले होते. झबलं-टोपडं आणि डिंकाचे लाडू घेऊन मी बघायला गेले. खोलीचं दार ढकललं, तर ते हलेना. खालच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं. कशीबशी आत शिरले. खिडकीवर गोधडी, वरच्या झरोक्याला खोक्याचा पुठ्ठा. बाजेवर कानाला फडकं गुंडाळून बसलेली बाळंतीण, शेजारी गाठोड्यासारखं बाळ, आणि बाजेखाली लोखंडी शेगडीत लालबुंद निखारे. त्यावर ओवा न् वावडिंग भुरभुरलेलं.

"कसं वाटायलंय गं?" मी विचारलं.

"डोकं लई ठणकायलंय मावशी. मळमळायलंय."

काकू म्हणाल्या, "रात्रीपासून असंच म्हणायली. वारं लागलं असंल. म्हणून तर सकाळी अजून कोळसा घातला."

मी पुढे काही बोललेच नाही. खिडकीवरची गोधडी ओढली, पुठ्ठा फाडला, बाळाला काकूंच्या हातात दिलं आणि पोरीला दंडाला धरून बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. मग फडक्यानं कडी धरून शेगडी अंगणात नेऊन ठेवली. तासाभरात तिचं डोकं उतरलं. तरी तिला आणि बाळाला दवाखान्यात दाखवून आणायला लावलंच. पुढचे पंधरा दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते, तर मीही बोलले नसते. परक्या बाईनं घरात शिरून ओल्या बाळंतिणीची खोली उघडी टाकायची म्हणजे काय!

माझ्या अंगात एवढं धाडस आलं कुठून, ते सांगायला मला वीस वर्षं मागं जावं लागेल.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. डिसेंबर २००४ मध्ये माझं पहिलं बाळंतपण तिथंच झालं. थंडी मी म्हणत होती. आईनं आमच्या नव्या स्लॅबच्या घरातली आतली खोली मला दिली होती. पत्र्याच्या झडपांची एकच खिडकी, ती लावून वर गोधडी. बाजेखाली शेगडी. रोज तेल लावून अंघोळ, मग शेक, मग धुरी. सगळं अगदी रीतसर. नवव्या रात्री माझं कपाळ असं धरलं, की जणू कुणी दोरीनं आवळतंय. पोटात ढवळायला लागलं. आई खाली चटईवर होती. तिचंही डोकं दुखत होतं, पण जागरणानं असेल म्हणून ती गप्प पडून राहिली. मला म्हणाली, "वाताचं असंल, पड जराशी," आणि निखाऱ्यांवर अजून दोन ओंजळी कोळसा टाकला. बाळ संध्याकाळपासून नीट ओढत नव्हतं. आम्हाला वाटलं, झोपाळू झालंय.

मध्यरात्री पाणी प्यायला म्हणून उठले आणि पायांत बळच नाही. तांब्यासकट खाली पडले. पुढचं मला आठवत नाही, वडिलांनी सांगितलेलं आहे. ते ओसरीत झोपायचे. दहा दिवसांचा विटाळ, त्यामुळं त्या खोलीत ते पाऊल टाकत नसत. तांब्याचा आवाज ऐकून त्यांनी बाहेरून दोन हाका मारल्या. आईनंही ओ दिली नाही, तेव्हा विटाळ-बिटाळ न बघता ते दार लोटून आत आले. आधी बाळाला उचलून घोंगडीत गुंडाळलं, मग आम्हा दोघींना ओसरीत ओढून आणलं. उजाडेपर्यंत जीप करून आम्ही लातूरला पोचलो. डॉक्टरांनी नाडी धरायच्या आधीच विचारलं, "खोलीत शेगडी होती का?"

मला आणि बाळाला प्राणवायू लावला. वाचलो. ते बाळ आता कॉलेजात आहे आणि मिशीला पीळ भरतं.

पण ही गोष्ट इथं संपत नाही. आईला डॉक्टरांचं म्हणणं कितीतरी वर्षं पटलंच नाही. तिचा प्रश्न अगदी सरळ होता. "माझी चार बाळंतपणं झाली. हीच बाज, हीच शेगडी, वखारीतला हाच कोळसा. माझ्या सासूची सात झाली. आमाला कसं काही झालं न्हाई? तुलाच कसं झालं?"

मी बी. ए. झालेली, मराठी आणि समाजशास्त्र घेऊन. माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'कोळशाचा वायू लागला' एवढंच मी पोपटासारखं म्हणायचे. पुढे बचत गटांच्या कामानिमित्त लातूर आणि नांदेडच्या खेड्यांत फिरायला लागले, किती तरी घरांत बसले, उठले, जेवले, आणि मग एक दिवस उत्तर डोक्यावर दिसलं. अगदी शब्दशः डोक्यावर.

आईची बाळंतपणं झाली ती माळवदाच्या घरात. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. आणि त्या छताला एक भोक, ज्याला आमच्याकडे सवणं म्हणतात. उजेड त्यातूनच यायचा आणि चुलीचा धूर त्यातूनच जायचा. पावसात त्यावर पाटी पालथी घालायची, एरवी ते उघडंच. शिवाय दाराच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. त्या घरात बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आजीनं कितीही गोधड्या लावल्या, तरी घर श्वास घेतच होतं. निखाऱ्याचा तापलेला वायू वर चढायचा आणि सवण्यातून निघून जायचा. खाली दाराच्या फटीतून ताजी हवा यायची. हे कुणी मोजूनमापून केलं नव्हतं, घरच तसं होतं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतेक या दगडमातीखाली आणि माळवदाखाली गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, तीही सिमेंट-काँक्रीटच्या घरांची. जी गावं तगली, त्यांनीही माळवदाचा धसका घेतला. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती, आणि त्या हिवाळ्यात आम्ही सगळे अंगणात पाल टाकून झोपायचो. दोन-चार वर्षांत वडिलांनी कर्ज काढून दोन स्लॅबच्या खोल्या बांधल्या. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल?

फक्त एक झालं. स्लॅबला सवणं नसतं. माळवद गेलं त्याबरोबर सवणं गेलं, आणि शेगडी मात्र नव्या घरात जशीच्या तशी आली. बाजेखाली. आता तर खिडक्याही सरकत्या काचेच्या आणि रबराच्या पट्टीच्या आल्या आहेत, मुंगी शिरणार नाही अशा. 'वारं लागंल' ही भीती जुन्या घराच्या मापाची आहे, ती आपण नव्या घरात वापरतो. आजीचं ज्ञान खोटं नव्हतं. ते दुसऱ्या घरासाठी होतं.

हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ छताकडं बघत बसली होती.

आता थोडं त्या वायूविषयी. लाकूड किंवा गोवरी पेटवली की धूर होतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आपण चरफडत दार उघडतो. धुराचं नुकसान कमी आहे असं नाही. घरातल्या चुली-शेगड्यांच्या प्रदूषणानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण धूर निदान सांगून तरी येतो. लाकडी कोळसा म्हणजे ज्यातला धूर भट्टीतच काढून टाकलेला आहे असं लाकूड. तो जळताना दिसत नाही, वास येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं हा निर्मळ. आणि तो जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडतो, ज्याला ना रंग, ना वास, ना चव. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योत नाचते ना, ती म्हणजे तोच वायू जळत असतो. जेवढा जळतो तेवढा ठीक, उरलेला खोलीत पसरतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतं. म्हणजे श्वास चालू, छाती खालीवर होते, आणि अंगाला प्राणवायू मिळत नाही.

आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, हातापायांतलं बळ जाणं, गुंगी. ताप नसतो. जागं असलेलं माणूस निदान कुरकुर करतं, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. दर हिवाळ्यात दिल्ली, पंजाब, काश्मीरकडून बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, त्या याच. आपण वाचतो आणि पान उलटतो. तिकडची थंडी, तिकडची माणसं. आपल्याकडे शेगडी थंडीसाठी म्हणून कमीच पेटते, बाळंतिणीसाठी पेटते, आणि बाळंतीण चक्कर येऊन पडली तर तिला वात झाला असं म्हणतात. बाळंतिणीचं रक्त आधीच कमी, त्यात हा भार. तान्हं बाळ तर मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतं आणि डोकं दुखतंय असं सांगू शकत नाही. ते फक्त मलूल होतं, दूध ओढत नाही. आपण म्हणतो, शांत आहे हो बाळ!

याबाबतीत आपल्या बायकांत काही समजुती घट्ट बसलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी ही, की कोळसा बाहेर पेटवून लाल झाला की मग धोका नाही. शेगडी बाहेर पेटवावीच, त्यानं सुरुवातीचा धूर बाहेर राहतो. पण वायू मात्र निखारा पुरता विझेपर्यंत येतच राहतो, वर पांढरी राख धरली तरी येतो. दुसरी समजूत, खोलीत पाण्याची बादली ठेवली की पाणी वायू ओढून घेतं. नाही ओढत. ओलं फडकंही ओढत नाही, तुळशीची कुंडीही नाही. तिसरी नवी आहे, करोनानंतरची. बोटाला लावायचं ते प्राणवायू मोजायचं यंत्र आता घरोघर आहे. एका ताईंनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आम्ही शेगडी लावतो, पण रोज बोटाला यंत्र लावून बघतो, अठ्ठ्याण्णव येतं." मैत्रिणींनो, ते साधं यंत्र इथं फसतं. रक्ताला चिकटलेला हा वायू त्याला प्राणवायूसारखाच दिसतो, त्यामुळं माणूस बेशुद्ध पडायला आलं तरी आकडा चांगलाच दाखवतं. त्यावर भिस्त ठेवू नका.

मग शेगडी फेकून द्यायची का? आमच्या कामातले काही डॉक्टर असंच म्हणतात. बंद म्हणजे बंद. मला त्यांचं कळतं, पण मला त्याचा उपयोग झालेला दिसला नाही. डॉक्टर रागावले की घरचे मान डोलावतात, घरी येतात आणि शेगडी पेटवतात. फरक इतकाच पडतो, की पुढच्या वेळी विचारलं तर 'नाही लावत' असं सांगतात. शिवाय सासू-आई जे करते त्यात ऊब आहे, माया आहे, बाईला चाळीस दिवस कामातून सुटका आहे. ते सगळं एका फटक्यात अडाणीपणा ठरवलं, तर ती माउली तरी का ऐकेल?

बाळाला ऊब लागते हे तर अगदी खरं. तान्ह्याचं अंग पटकन गार पडतं, कमी वजनाचं असेल तर फारच. पण त्याला विस्तव लागत नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज सगळं जग त्याला कांगारू पद्धत म्हणतं, आपल्या सरकारी दवाखान्यातही शिकवतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्यातही बाळाला उबेत ठेवायला पिशवी होती, शेगडी नव्हती. आईच्या अंगाची ऊब, टोपी, मोजे, कोरडं लंगोट. आमच्या आत्याबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "ह्यात नवीन काय? आमी पण लेकरू पोटाशीच घेऊन निजायचो." बरोबर आहे. म्हणजे आपल्याकडे ते होतंच.

आणि आईसाठी मी गावोगाव एवढंच सांगते, विस्तव आत आणू नका, ऊब आणा. शेगडी ओसरीत नाहीतर अंगणात ठेवा. तिथं तव्यावर फडकं गरम करा, विटकर तापवून जाड कापडात गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी भरा, आणि ते आत नेऊन कंबर शेका, पोट शेका. (बाळाच्या अंगाला मात्र यातलं काही टेकवू नका, त्याची कातडी फार कोवळी असते.) शेक तोच, तेल तेच, माया तीच.

इतकं सांगूनही काही घरी खोलीत शेगडी जातेच. तिथं मी तडजोड करते. समोरासमोर दोन जागा उघड्या पाहिजेत, एक खाली आणि एक वर, म्हणजे हवा एकीकडून येईल आणि दुसरीकडून जाईल. नुसती एक खिडकी वीतभर उघडून भागत नाही. बाळंतिणीजवळ कुणीतरी जागं पाहिजे. बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत. शेक झाला की शेगडी लगेच बाहेर, झोपताना तर कुठल्याही परिस्थितीत आत नाही. बाजेखाली मुळीच नाही. बाजेखालच्या शेगडीनं सुंभ पेटलेलं, नायलॉनची साडी अंगाला चिकटलेली मी पाहिलेलं आहे. तो वास नाकातून जात नाही.

शेगडीची निगा हाही आपला कमी लक्ष देण्याचा विषय. चुलीला आपण दर सणाला पोतेरं देतो, शेगडी मात्र माळ्यावरून काढली की तशीच पेटवतो. जाळी राखेनं बुजलेली, खालचं दार गंजून बसलेलं, आतलं मातीचं लिंपण ढेपाळून पडलेलं. खालून हवा मिळाली नाही की कोळसा गुदमरत जळतो, आणि गुदमरून जळणारा कोळसा तो विषारी वायू जास्त सोडतो. म्हणून प्रत्येक वेळी आधीची राख पूर्ण झाडा, जाळीची भोकं काडीनं मोकळी करा. लिंपण पडलं असेल तर माती, शेण आणि भुसा कालवून पुन्हा लावा आणि उन्हात दोन-तीन दिवस चांगलं कडक वाळू द्या, ओलं असताना पेटवलं तर ते तडकतं. शेगडी फरशीवर सरळ ठेवू नका, खाली विटा घाला, आपली शहाबादी फरशी तापून तडकूही शकते. कोळसा पत्र्याच्या डब्यात कोरडा ठेवा, ओल धरलेला कोळसा फटाक्यासारखा उडतो. पेटवायला तुराट्या, पऱ्हाट्या, नाहीतर कापराची वडी. रॉकेल-पेट्रोल नको, आणि पेटल्यावर वरून तर अजिबात नको. प्लॅस्टिकची पिशवी घालून पेटवणाऱ्या बायका पाहिल्या की माझा जीव खाली-वर होतो. विटभट्टीवरचा नाहीतर रेल्वेच्या रुळांकडेला सापडलेला दगडी कोळसा घरातल्या शेगडीत घालू नये. त्याच्या धुरात गंधक असतं, घसा सोलून निघतो. आणि राख! वरून गार दिसते, आत सकाळपर्यंत निखारा जिवंत असतो. मुखेडजवळच्या एका वस्तीवर प्लॅस्टिकच्या बादलीत भरून ठेवलेल्या राखेनं अर्धी कडब्याची गंज गेली. राख पत्र्याच्या घमेल्यात, वर झाकण, घराबाहेर.

अलीकडे उसाच्या पाचटापासून केलेला कोळसाही मिळतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनं, शेतात जाळून टाकलं जाणारं पाचट भट्टीत कोळसा करून वापरात आणलं आणि २००२ साली त्यासाठी लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळवला. त्यांच्या सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कोळशात घरच्यांचा स्वयंपाक होतो. आमचा लातूर भाग उसाचा, तेव्हा मला या गोष्टीचं फार कौतुक. पण 'याला धूर नाही' असं ऐकून तो कुणी बंद खोलीत पेटवू नये. धूर नाही म्हणजे वायू नाही असं नव्हे, हेच तर इतका वेळ सांगतेय.

जाता जाता बंबाचंही सांगते, कारण थंडीत आमच्याकडे अजून कितीतरी घरी बंब पेटतो. सिलिंडर परवडत नाही. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून खेड्यांत शेगड्या-सिलिंडर घरोघर आले, पण दुसरं सिलिंडर भरताना हात आखडतो, आणि अंघोळीचं पाणी तर कुणीच गॅसवर तापवत नाही. बंब अंगणात असेल तर चिंता नाही. पण नव्या घरांत तो न्हाणीघरात ठेवतात आणि दार लावून बाई त्याच्याच शेजारी नहाते. तोच कोळसा, तोच वायू. बंब बाहेर पेटवा आणि पाणी आत न्या. पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नका, डाख सुटतो आणि मधली नळी गळायला लागते. ज्यांच्याकडे बंबाऐवजी भिंतीवर गॅसचा गिझर आला आहे त्यांनी हसू नये. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनंही असेच जीव घेतले आहेत. तो बाहेरच्या भिंतीला लावून घ्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे सगळं कळून खिडकी उघडायची कुणी? बाळंतिणीनं? तिला त्या घरात पाणीही मागून प्यावं लागतं. थंड पाणी तर मिळतच नाही. 'डोकं दुखतंय' असं ती म्हणाली, तर उत्तर ठरलेलं, "आमाला न्हाई का झाली पोरं?" नवरा दाराबाहेर. सासरा लांबच. खोलीचा कारभार एका म्हाताऱ्या बाईच्या हातात, आणि तिच्यावरही जबाबदारी केवढी! बाळंतिणीला काही झालं तर सगळं गाव तिलाच बोल लावणार. तीही घाबरलेली असते, म्हणून तर घट्ट बंद करते. त्यामुळं मला वाटतं, हे तरण्या पोरींना शिकवून फार उपयोग नाही. आईला, सासूला, मालीशवाल्या मावशीला आधी सांगायला हवं, आणि तेही सातव्या-आठव्या महिन्यात. बाळ झाल्यावर नाही. तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत कुणीच नसतं.

आणि एक बाई त्या खोलीत हक्कानं जाते, ती म्हणजे आशाताई. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिला सहा वेळा घरी जायचं असतं. बाळाचं वजन, ताप, दूध, सगळं ती बघते. तिनं जाताजाता वर नजर टाकून झरोका उघडा आहे का आणि खाली वाकून बाजेखाली काय आहे, एवढं बघितलं तर? आमच्या भागातल्या आशांच्या बैठकीत मी हे बोलले. एक जण म्हणाली, "ताई, मी बघते, पण बोलले तर पुढच्या वेळी घरात घेत न्हाईत." तिचं खरं आहे, हे मी काकूंच्या घरी अनुभवलंय. म्हणून मी आता एक करते. तिच्याबरोबर मी जाते, माझी २००४ ची गोष्ट सांगते, आणि मग आजीला विचारते, "तुमच्या वेळी माळवदाला सवणं होतं का हो?" तिथून बोलणं सुरू होतं. आजी रंगात येऊन जुन्या घराचं सांगायला लागते आणि बोलता बोलता तिचीच नजर छताकडं जाते.

शेवटी, प्रसंग आलाच तर. खोलीतल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, बाहेर आल्यावर उतरलं, तर तो वात नाही, नजर नाही, कोळसा आहे. आधी माणसं बाहेर, मग दारं-खिडक्या उघड्या, मग शेगडी बाहेर. आत पाणी ओतून विझवत बसू नका, उकळती वाफ आणि राख अंगावर येते. बेशुद्ध असेल, बाळ मलूल असेल, तर १०८ ला फोन करा आणि 'खोलीत शेगडी होती' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. बरं वाटलं म्हणून घरीच थांबू नका, प्राणवायूची गरज दवाखान्यातच कळते.

काकू आता बोलतात माझ्याशी. संक्रांतीला तिळगूळ घेऊन मीच गेले होते.

आणि माझ्या आईचं सांगायचं राहिलं. या डिसेंबरात माझ्या भावाची मुलगी बाळंतपणाला येतेय, त्याच खोलीत. मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. तिनं गवंड्याला बोलावून विचारलं होतं, "ह्या सलाबाला सवणं पाडता येतंय का?" गवंडी म्हणाला, आजी, पाऊस आत येईल, स्लॅब गळेल. मग तिनंच त्याच्याशी वाद घालून ठरवलं, की एका भिंतीला छताजवळ आणि समोरच्या भिंतीला खाली, अशा दोन जागी जाळीच्या विटा बसवायच्या. त्यावर पुठ्ठा लावायचा नाही, हेही तिनंच मला बजावलं. शेगडी ओसरीत राहील. ओव्याच्या धुरीवरून मात्र आमचं अजून फोनवर भांडण चालू आहे.